टाचेचे हाड जुळले, पण माणूस चालतो का? बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आणि राज्य आरोग्य हमी सोसायटी यांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ,
आणि
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य आरोग्य हमी सोसायटी

विषय : टाचेच्या हाडाचे वेडेवाकडे जुळलेले अस्थिभंग, त्यांची दुरुस्ती-शस्त्रक्रिया आणि कामगारांची चालण्याची क्षमता

महोदय,

परांचीवरून, स्लॅबच्या कडेवरून किंवा शिडीवरून कामगार पायांवर पडला, की सगळा मार पहिल्यांदा टाचेवर बसतो. काही महिन्यांनी त्याच्या उपचारांची फाइल ज्या शेऱ्यावर बंद होते, तो बहुधा असा असतो : ‘अस्थिभंग जुळला आहे. काम करण्यास हरकत नाही.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि असा शेरा मिळालेली माणसे त्यानंतर माझ्याकडे येतात. त्यांचे हाड खरोखरच जुळलेले असते. शेरा लिहिणाऱ्या डॉक्टरांनी खोटे काहीच लिहिलेले नसते. तरीही त्या माणसाला अर्धा किलोमीटर सलग चालता येत नाही, जिना उतरताना कठडा सोडता येत नाही आणि खडीवर पाय टाकण्याआधी तो जागा शोधत राहतो. उपचाराची आणि मदतीची आपली व्यवस्था हाड जुळण्यापाशी थांबते. टाचेच्या बाबतीत ती चालण्यापर्यंत न्यावी, या विनंतीसाठी हे पत्र आहे.

नडगीचे हाड मोडले, तर ते जुळेल की नाही ही चिंता असते. टाचेच्या हाडाला, म्हणजे कॅल्केनियसला, ती चिंता सहसा नसते. ते आतून सच्छिद्र असते, त्याला रक्तपुरवठा भरपूर असतो, आणि त्यामुळे ते कसेही ठेवले तरी जवळजवळ नेहमीच जुळते. प्रश्न असतो तो कोणत्या आकारात जुळते याचा. पडताना शरीराचा भार घोट्यातील टेलस या हाडातून खाली येतो आणि लाकडात पाचर ठोकावी तसे टेलस टाचेच्या हाडात घुसते. सांध्याचा पृष्ठभाग फुटून खाली दबतो, बाहेरची भिंत फुगते, टाचेची उंची घटते, रुंदी वाढते आणि पुष्कळदा तिचा मागचा भाग आतल्या बाजूला कलतो. एकूण अस्थिभंगांत टाचेच्या हाडाचा वाटा एक ते दोन टक्केच आहे; पण या अस्थिभंगांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सांध्यात शिरलेले असतात, आणि खरे नुकसान तिथे होते. व्हिएन्नाचे लॉरेंझ बोलर यांनी १९३१ साली टाच किती दबली हे कळण्यासाठी एक्स-रेवर मोजायचा जो कोन सांगितला, तो निरोगी टाचेत साधारण २० ते ४० अंश असतो आणि चिरडलेल्या टाचेत शून्यावर, कधी शून्याच्याही खाली जातो. तो मोजायला पट्टी, पेन्सिल आणि कोनमापक पुरतो. तरी माझ्यासमोर येणाऱ्या डिस्चार्ज कार्डांवर हा आकडा क्वचितच लिहिलेला असतो.

आकार बिघडल्याने नेमके काय होते, हे एका सेंट्रिंग कामगाराच्या पायावरून सांगतो. त्याला अनवाणी, पाठमोरा उभा केले, तेव्हा उजवी पोटरी डावीपेक्षा उघड बारीक दिसत होती आणि टाच पसरट होऊन आत झुकली होती. बाहेरच्या घोट्याच्या टोकाखाली निरोगी पायात बोट सहज फिरते. त्याच्या उजव्या पायात तिथे हाडाचा उंचवटा घोट्याला भिडला होता आणि त्या दोहोंमधून जाणारे पेरोनियल स्नायूंचे कंडरे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, चेपले जात होते. मी बोट टेकवताच त्याने पाय ओढून घेतला. मग त्याने पिशवीतून सेफ्टी शूज काढून दाखवले. उजव्या बुटाची मागची बाजू ब्लेडने उभी चिरलेली होती, कारण रुंद झालेली टाच एरवी आत शिरतच नव्हती. आणि चिरलेला बूट साइटवर चालत नाही म्हणून त्याला गेटवरूनच परत पाठवले होते. कामगाराच्या रक्षणासाठी केलेला नियमच त्याला कामाबाहेर ठेवत होता, आणि त्या नियमाबद्दल तक्रार करावी असेही काही नाही. बूट घालता येईल अशी टाच मात्र त्याला परत मिळू शकत होती, आणि तसे त्याला कोणीही सांगितले नव्हते.

चालण्याच्या भाषेत हे नुकसान तीन ठिकाणी होते. टाचेची उंची गेली की पोटरीच्या स्नायूची तरफ आखूड होते, त्यामुळे पाऊल मागून ढकलण्याचा जोर कमी पडतो, पाऊल लहान पडते आणि चाल मंदावते. टेलस मागच्या बाजूने खाली बसल्याने आडवे होते, नडगीचे हाड त्याच्या मानेवर पुढच्या बाजूला आपटते आणि घोटा वर वाकेनासा होतो. उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसणे, चढ चढणे हे सगळे त्यात जाते. आणि टेलसखालचा सबटेलर सांधा झिजून आखडला की पाऊल आत-बाहेर कलू शकत नाही. सपाट फरशीवर ही उणीव लपते, म्हणूनच दवाखान्याच्या गुळगुळीत व्हरांड्यात हा माणूस बरा वाटतो. नांगरलेल्या रानात किंवा साइटवरच्या खडीत तो चार पावलांत उघडा पडतो. आपले पुष्कळ बांधकाम कामगार काम नसेल तेव्हा शेतीवर जातात. त्यांना दोन्ही ठिकाणची जमीन सारखीच नाकारते.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे प्रत्येक टाचेची सुरुवातीलाच शस्त्रक्रिया करून ती जागेवर बसवावी. पण अभ्यास तसे सरळ सांगत नाहीत. कॅनडातील ४२४ रुग्णांच्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया केलेल्या आणि न केलेल्या गटांत एकूण फरक ठळक निघाला नाही. ब्रिटनमधील १५१ रुग्णांच्या २०१४ च्या अभ्यासात दोन वर्षांनीही फरक दिसला नाही. उलट शस्त्रक्रियेच्या गटात गुंतागुंत अधिक झाली. टाचेवरची कातडी पातळ असते, जखम चिघळण्याचा धोका खरा असतो, आणि तंबाखू व मधुमेह तो वाढवतात. त्यामुळे सुरुवातीला चाकू न लावण्याचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मात्र त्याच कॅनडातील अभ्यासाची दुसरी बाजू आपल्या दोन्ही कार्यालयांनी लक्षात ठेवावी : ज्यांची सुरुवातीला शस्त्रक्रिया झाली नव्हती, त्यांच्यावर पुढे सबटेलर सांधा जोडून टाकण्याची वेळ पाचपटीहून अधिक आली. म्हणजे शस्त्रक्रियेविना उपचार निवडताना त्यासोबत एक उधारी येते, जी काही रुग्णांना पुढे फेडावीच लागते, आणि तिची तरतूद उपचाराच्या पहिल्याच दिवशी व्हायला हवी.

कॅनडातील या अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे, जो अधिकाऱ्यांच्या तोंडून मी तिरकसपणे ऐकला आहे. कामावरच्या अपघाताची भरपाई मिळणाऱ्या रुग्णांचे निकाल इतरांपेक्षा वाईट आले. यावरून ‘पैसे मिळणार म्हणून हे लंगडतात’ असा अर्थ काढणे सोपे आहे. पण भरपाई मिळणारे बहुतेक जण अंगमेहनतीचे काम करणारे असतात. त्यांना ज्या जमिनीवर, जितके तास आणि जेवढे ओझे घेऊन उभे राहावे लागते, तेवढे टेबलावर काम करणाऱ्याला लागत नाही. आतल्या बाजूला कललेली टाच खुर्चीवर बसलेल्या माणसाला दुखत नाही. आणि बारीक झालेली पोटरी सोंग घेऊन येत नाही; ती टेपने मोजता येते.

आता दुरुस्तीविषयी. वेडीवाकडी जुळलेली टाच सुधारण्याची शस्त्रक्रिया नवी नाही. सबटेलर सांधा जोडून टाकण्याची एक पद्धत गॅली यांनी १९४३ मध्येच मांडली होती, आणि दबलेली उंची परत मिळवण्यासाठी त्या सांध्यात हाडाचा ठोकळा बसवण्याची पद्धत कार व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये स्टीफन्स आणि सँडर्स यांनी सी.टी. स्कॅनवरून अशा टाचांचे तीन प्रकार पाडले, आणि ते आजही उपयोगी पडतात, कारण प्रत्येक प्रकाराबरोबर उपचारही ठरतो. पहिल्या प्रकारात बाहेरची फुगलेली भिंत हाच मुख्य दोष असतो. ती तासून काढली आणि चेपलेले कंडरे मोकळे केले की काम भागते. दुसऱ्या प्रकारात त्याच्या जोडीला सबटेलर सांधा झिजलेला असतो. मग भिंत तासण्याबरोबर तो सांधा ताणून उघडायचा, बहुधा कमरेच्या हाडाच्या कडेवरून घेतलेला तुकडा मध्ये बसवायचा आणि जाड स्क्रूंनी दोन्ही हाडे कायमची जोडायची, म्हणजे डॉक्टर ज्याला फ्यूजन म्हणतात ते करायचे. तिसऱ्या प्रकारात टाचेचे हाड दहा अंशांहून अधिक आत किंवा बाहेर कललेले असते, तेव्हा या सगळ्याशिवाय ते हाड कापून सरळही करावे लागते. मध्ये बसवलेल्या तुकड्यामुळे टेलस पुन्हा वर उचलले जाते, त्यामुळे घोट्याला पुढे वाकायला जागा मिळते आणि पोटरीची तरफही काही प्रमाणात परत येते. नुसते भिंत तासून सोडले आणि आत झुकलेली टाच तशीच ठेवली, तर दुखणे परत येते. अर्धवट दुरुस्तीला मान्यता देऊन वाचवलेला पैसा दुसऱ्या शस्त्रक्रियेत जातो, हे मान्यता देणाऱ्या टेबलावर माहीत असायला हवे.

या शस्त्रक्रियेने काय मिळत नाही, हेही रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. जोडलेला सांधा पुन्हा हलणार नाही. ओबडधोबड जमिनीवरची अडचण पूर्ण जाणार नाही, आणि जो माणूस पूर्वी परांचीवर माकडासारखा चढत असे तो पुन्हा तसा चढेल, अशी आशा मी कोणाला दाखवत नाही. मिळते ते असे की प्रत्येक पावलाला उठणारी कळ कमी होते, बूट घालता येतो, सलग चालण्याचे अंतर वाढते आणि उभे राहून करायचे काम पुन्हा आवाक्यात येते. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका घोटा-टाच मापनपट्टीत एकूण १०० गुण असतात आणि त्यांतील ६ गुण सबटेलर हालचालीचे असल्याने फ्यूजन उत्तम झाले तरी ९४ च्या वर कोणी जात नाही. गंमत अशी की त्या मापनपट्टीत चालण्याचे अंतर शहरातील रस्त्यांच्या चौकांवरून विचारलेले आहे आणि उकिडवे बसता येते का, हा प्रश्नच नाही. आपल्याकडच्या माणसाला तोच पहिला असतो.

सगळ्यांवर ही शस्त्रक्रिया करावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही, आणि सोसायटीच्या आरोग्य योजनेत या शस्त्रक्रियेचे नवे पॅकेज आले की गरज नसलेल्या पायांवरही चाकू चालेल, ही आपल्या मनातील शंका मला रास्त वाटते. टाच थोडी रुंद आहे पण माणूस हिंडतो-फिरतो, अशा पायाला खोलगट इनसोल, मऊ टाचेची चप्पल, पोटरीचे व्यायाम आणि सांध्यात एखादे इंजेक्शन पुरते. तंबाखू किंवा मिश्री सुटत नसेल, साखर आटोक्यात नसेल किंवा पायाचा रक्तप्रवाह कमी असेल, तर चांगला सर्जनही थांबायला सांगतो, कारण जखम भरणे आणि हाडाचा तुकडा धरणे दोन्ही बिघडते. म्हणून शस्त्रक्रियेची मान्यता एक्स-रेच्या फोटोवर देऊ नये. उभ्याने काढलेला एक्स-रे, सी.टी. स्कॅन आणि चालण्याची नोंद, अशा तिन्ही गोष्टी प्रस्तावात असाव्यात. झोपवून काढलेल्या एक्स-रेत टाच सरळ दिसते, भार पडल्यावर ती किती झुकते हे उभ्यानेच कळते. चालण्याच्या नोंदीसाठी यंत्रांची गरज नाही; सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, ही चाचणी तीस मीटरचा व्हरांडा आणि घड्याळ यांवर कोणत्याही उपजिल्हा रुग्णालयात होते. तिच्या जोडीला खडीवरची वीस पावले, एक जिना चढणे-उतरणे आणि उकिडवे बसणे एवढे पाहिले, तर माझ्या मते कामगाराच्या पायाबद्दल कोणत्याही फोटोपेक्षा अधिक कळते.

वेळेचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. टाचेचा अस्थिभंग झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी माणूस पूर्ण भार देऊ लागतो आणि दोष त्या सुमारास दिसू लागतो. त्याच वेळी त्याचे प्लॅस्टर निघालेले असते, पुढची तारीख नसते आणि तो गावी गेलेला असतो. तो परत येतो तो वर्ष-दोन वर्षांनी, सांधा पूर्ण झिजल्यावर, पहिल्या प्रकाराचा पाय दुसऱ्या प्रकारात गेल्यावर. हे टाळायचे, तर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याची तपासणी डिस्चार्ज कार्डावरच छापलेली असावी आणि तिच्या प्रवासखर्चाची सोय मंडळाने करावी. पडलेल्या माणसाच्या दोन्ही टाचा आणि कंबरेचा मणका तपासणे हेही त्याच कार्डावर असावे. एक टाच इतकी दुखते की दुसरी इजा कित्येकदा मागाहून सापडते.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलणे भाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघाला, तरी दुरुस्तीनंतर सहा ते आठ आठवडे त्या पायावर भार द्यायचा नसतो, पुढचे महिनाभर कुबड्या किंवा वॉकर लागतो, आणि पायाची ताकद परत यायला वर्षही लागते. रोजंदारीवरचा माणूस आठ आठवडे घरी बसू शकत नाही. तो तिसऱ्या आठवड्यातच टाच टेकवतो, स्क्रू सैल होतात, हाड जुळत नाही आणि मग अपयशाचे खापर त्याच्या निष्काळजीपणावर फुटते. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून जमा होणारा निधी याच माणसांसाठी आहे. दुरुस्ती-शस्त्रक्रियेनंतर निदान तीन महिने किमान वेतनाच्या प्रमाणात निर्वाह भत्ता दिला, तर शस्त्रक्रियेवर झालेला खर्च वाया जाण्याचे एक मोठे कारण नाहीसे होईल. आणि फिजिओथेरपीसाठी प्रत्येक वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागू नये, एवढी सोय तालुका पातळीवर हवी. या एका मागणीत माझा व्यवसाय गुंतलेला आहे, हे आपण हिशेबात धरावेच.

अपंगत्वाच्या टक्क्यांत तर हा कामगार कुठेच बसत नाही. मंडळाचे दोन लाखांचे साहाय्य ७५ टक्के किंवा त्याहून अधिक कायमच्या अपंगत्वाला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील सवलतींची बरीचशी दारे ४० टक्क्यांवर उघडतात. एका पायाची बिघडलेली टाच बहुधा याही रेषेखाली राहते. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या परिशिष्टात पायाचे बोट गेले तर त्याचे टक्के छापलेले आहेत, पण अखंड दिसणाऱ्या पायाने काम गेले तर ते वैद्यकीय तज्ज्ञाने कमाईच्या क्षमतेतील घट पाहून ठरवायचे असते. तशी घट ठरवताना त्या माणसाचा व्यवसाय विचारला गेला पाहिजे. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्याची टाच आणि दहाव्या मजल्यावर सेंट्रिंग ठोकणाऱ्याची टाच एक्स-रेवर सारखी दिसली, तरी कमाईवर तिचा परिणाम सारखा नसतो. मंडळाने ७५ टक्क्यांखालील इजांसाठी, चालण्याच्या चाचणीवर आधारलेला मदतीचा एक मधला टप्पा तयार करावा, अशी माझी विनंती आहे.

सोसायटीकडे एक मागणी वेगळी आहे. टाचेची ही दुरुस्ती सरावाचे काम आहे. प्रत्येक अस्थिरोग सर्जन ती नेहमी करत नाही आणि त्यात त्याचा कमीपणाही नाही. योजनेतील रुग्णालयांपैकी पाऊल-घोट्याच्या शस्त्रक्रिया नियमित करणारी केंद्रे प्रत्येक महसुली विभागात निश्चित करावीत, त्यांची नावे तालुक्याच्या आरोग्यमित्रापर्यंत, म्हणजे योजनेतील रुग्णांच्या मदतनिसापर्यंत, पोहोचवावीत आणि शस्त्रक्रियेआधीची व नंतर एका वर्षाची सहा मिनिटांची चाल-चाचणी सक्तीने नोंदवून घ्यावी. त्या नोंदी दोन-तीन वर्षे साठल्या, तर कोणत्या पायाला शस्त्रक्रिया लाभते आणि कोणत्याला इनसोलच बरा, हे आपल्याच राज्यातील कामगारांच्या पायांवरून सांगता येईल.

चाल-चाचणीचा एक पानी मराठी नमुना, खडी, जिना आणि उकिडवे बसणे या तीन नोंदींसह, मी तयार केला आहे. तो आपल्या वैद्यकीय सल्लागारांनी तपासावा, हवे तसे बदल करावेत आणि एखाद्या जिल्ह्यात सहा महिने वापरून पाहावा. त्यासाठी आपण बोलवाल त्या बैठकीस मी स्वखर्चाने येईन. पावसाळ्यात निसरड्या परांच्यांवरून पडण्याचे प्रसंग वाढतात, तेव्हा ही बैठक मे महिन्याआधी झाली तर बरे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट